धाकट्याचं कुलूप

३ सप्टेंबर, रविवार

धाकट्या,

पत्राच्या वर काय लिहायचं, इथेच माझं घोडं अडलं होतं. आशीर्वाद लिहिले तर तू म्हणणार, आले मोठे आशीर्वाद देणारे. नाही लिहिले तर तुझी वहिनी माझ्या खनपटीला बसणार. म्हणून नुसतं 'धाकट्या'. हाक मारली आहे, ऐकू आली तर बघ.

फोन तू उचलत नाहीस. सहा वर्षं झाली, आता मी लावतही नाही. पत्राचं एक बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

तर बातमी अशी की तुझा दादा कॉलेजात जातो. हसू नकोस. बरं, हस, तुझ्या त्या धरणावरच्या वीजघरात हसायला दुसरं काय असणार? विद्युत अभियांत्रिकी आणि स्वयंचलन, चार वर्षांची पदवी. माझा जुना डिप्लोमा होता म्हणून थेट दुसऱ्या वर्षाला घेतलं, ते वर्ष मी पडत-झडत पार केलं आणि आता तिसऱ्यात आहे. वय वर्षं सत्तेचाळीस. आपल्या साबणाच्या कारखान्यानं मला सकाळची पाळी कायमची दिली आहे, दुपारी वर्ग.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर सगळी पोरं उठून उभी राहिली. मला वाटलं, काय संस्कार आहेत! मी म्हणालो, बसा बसा. बसली. मग मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पाच मिनिटांनी खरे सर आले तर एकही जण उठेना, एकदा उठून झालं होतं ना. ते सर अजून माझ्याकडे जरा वाकडंच बघतात.

तुझी पुतणी याच विभागात चौथ्या वर्षाला आहे. हो, ठिणगीच. जिला तू खांद्यावर बसवून मीटरचे आकडे वाचायला शिकवलंस ती आता बापाच्या एक वर्ष पुढे आहे. कॉलेजात ओळख दाखवत नाही. कॅन्टीनमध्ये मी दिसलो की मैत्रिणींच्या घोळक्यात अशी गुडूप होते की विचारू नकोस. घरी मात्र मला गणित शिकवते, आणि शिकवताना जे बोलते ते मी आपल्या बापाकडूनही ऐकून घेतलं नसतं.

आता कामाचं. तिसऱ्या वर्षात विशेष विषय निवडावा लागतो, पुढचं दीड वर्ष तोच. पाच वाटा आहेत. एक, वीजनिर्मिती आणि वहन, म्हणजे तुझं खातं. दुसरी, मोटारी आणि त्यांचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह. तिसरी, इमारतींचं स्वयंचलन, दिवे-लिफ्ट-हवा सगळं आपोआप. चौथी, कारखान्यातले रोबोट. पाचवी यंत्रसुरक्षा. दहा ऑक्टोबरपर्यंत अर्ज भरायचा आहे आणि माझं काही ठरत नाही. तू माझ्यापेक्षा कायमच हुशार, आणि हे मी कधी तोंडावर म्हटलं नाही हेही मला माहीत आहे. तर सांग, तुझ्या दादाला कुठल्या वाटेला लावायचं?

बस, एवढंच विचारायला पत्र लिहिलं. दुसरं काही कारण नाही.

दादा

ता. क. तुझी वहिनी दर पंधरा दिवसांनी फोन घेऊन गच्चीत जाते आणि कुणाशी तरी अर्धा तास बोलते. मला काही कळत नाही असा तिचा समज आहे. तो तसाच राहू दे.


१२ सप्टेंबर, मंगळवार

धाकट्या,

उत्तर आलं नाही, ते येईल असं मी धरलंही नव्हतं. तरी टपालवाल्याला दोनदा विचारलं. तो आता मला लांबूनच मानेनं 'नाही' म्हणतो.

काल विभागात प्रदर्शन होतं. पाचही विषयांच्या मास्तरांनी आपापल्या खोल्या सजवल्या होत्या आणि आम्ही पोरं (हो, मीसुद्धा पोरांतच) या खोलीतून त्या खोलीत. भाजीबाजारात ओरडत नाहीत असे ओरडत होते सगळे, या, इकडे या, आमच्याकडे भवितव्य आहे.

वीजवहनवाल्यांनी टेबलावर अख्खं शहर मांडलं होतं, छोटे दिवे, छोटे मनोरे. सर म्हणाले, "इथे एक चूक झाली तर सगळं शहर अंधारात." मी म्हटलं, सर, मी एका वेळी एक कारखाना अंधारात घालतो, तेवढं मला पुरतं. रोबोटवाल्यांच्या यंत्राच्या हातानं मला पाण्याचा ग्लास पुढे केला, एक थेंब न सांडता. मी सवयीनं 'थँक्यू' म्हणालो. पोरांनी हसून हसून डोक्यावर घेतली खोली. मला मात्र वाटलं, म्हटलं तर काय बिघडलं?

इमारतवाल्यांच्या खोलीत वेगळीच गंमत. कुणी हललं नाही की तिथले दिवे आपोआप बंद होतात. त्यांनी एक गणित सोडवायला दिलं होतं, मी कोपऱ्यात बसून विचार करत होतो. फटकन अंधार! हात हलवला, दिवे लागले. पुन्हा विचार, पुन्हा अंधार. शेवटी मी एका हातानं गणित सोडवत होतो आणि दुसऱ्या हातानं माश्या हाकलत होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल की म्हातारा कामातून गेला.

ड्राइव्हवाल्यांकडे मात्र मी भाव खाल्ला. त्यांचा पंखा उलटा फिरत होता. तीन पोरं आणि एक सर संगणकात डोकं घालून प्रोग्रॅम शोधत होते. मी वीज बंद केली, मोटारीच्या तीन तारांतल्या दोन एकमेकींच्या जागी लावल्या, वीज चालू केली. पंखा सुलट! सर म्हणाले, "काका, तुम्ही आमच्याकडेच या, तुम्हाला मुलाखतसुद्धा नको." ऐकतोयस ना? मुलाखतसुद्धा नको.

मग शेवटची खोली, यंत्रसुरक्षा. तिथल्या बाईंना सगळे 'कुलूपबाई' म्हणतात. चणीनं लहान, आवाज भोंग्याचा, पंधरा वर्षं पोलादाच्या कारखान्यात काढलेल्या. भिंतीवर एक फळी, तिच्यावर रांगेनं लाल कुलपं. बाई म्हणाल्या, "माणूस चुकणारच. ते धरून यंत्र बांधायचं, म्हणजे चूक होईल पण हात जाणार नाही. हा आमचा विषय." मग त्यांनी कुलूप दाखवलं. यंत्रात उतरायच्या आधी मुख्य स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, चावी आपल्या खिशात. सहा माणसं उतरली तर सहा कुलपं. "आणि कुलूप काढायचं कुणी?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच सांगून टाकलं, "ज्याचं त्यानं. दुसऱ्या कुणीही नाही. मालक आला तरी नाही."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आणि काढताना ओरडायचं."

बाई म्हणाल्या, "काय ओरडायचं?"

सांगावं लागलं. आपल्याकडे कुलूप काढणारा माणूस "मी बाहेर!" असं ओरडतो आणि आजूबाजूचे सगळे "बाहेर!" असं उत्तर देतात, म्हणजे ऐकलं, मोजलं, तू सुखरूप आहेस. उत्तर आल्याशिवाय स्विचला कुणी हात लावायचा नाही. बाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी चाळीस पोरांकडून तीनदा म्हणवून घेतलं. दुसऱ्या मजल्यावरून लोक धावत आले, काय झालं म्हणून. एक पोरगा म्हणाला, "काका, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

मी म्हटलं, मला जरा काम आहे, आणि निघालो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. साबणाचा भुगा असेल, कपड्यांना असतोच.

ती पद्धत कारखान्यात तू आणलीस, मी नाही. हे मी तिथे सांगितलं नाही.

दादा


२४ सप्टेंबर, रविवार

धाकट्या,

माझं ठरलं. मला यंत्रसुरक्षा हवी आहे. ड्राइव्ह सोपं आहे, सर रोज जिन्यात गाठून विचारतात, ठिणगीही म्हणते की बाबा, तिथे तुम्ही पहिले याल. पण माझं मन त्या कुलपांच्या फळीपाशी अडकून पडलं आहे.

भानगड अशी की तिथे जागा फक्त बारा आणि इच्छुक तीसेक. अर्ज दहाला द्यायचा, मुलाखत अठराला. अर्जासोबत अर्धं पान लिहून द्यायचं आहे. मी आधी लिहिलं की या क्षेत्राला उज्ज्वल भवितव्य आहे वगैरे. कुलूपबाईंनी ते वाचलं आणि दोन बोटांत धरून परत दिलं, मेलेलं झुरळ उचलतात तसं. म्हणाल्या, "हे कुणीही लिहील. तुम्ही अठ्ठावीस वर्षं यंत्रांत काढलीत. तुमच्या डोळ्यांसमोरचा एक प्रसंग लिहा, जिथे माणूस जाता जाता वाचला. कोण चुकलं, का चुकलं, खरं लिहा. त्यात दुसरा माणूस असेल तर त्याची सही आणा. त्याला न विचारता त्याच्या गोष्टीवर आपली पदवी उभी करायची नाही."

मी दुसऱ्यांदा लिहिलं, एका ओळखीच्या ओळखीच्या माणसाचा प्रसंग. बाईंनी विचारलं, "तुम्ही होता तिथे?" मी म्हटलं, तसा जवळपासच होतो. त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. मी ते पानही परत घेतलं.

माझ्याकडे एक प्रसंग आहे. कुठला, ते तुला माहीत आहे.

इथवर लिहून मी पत्र तुझ्या वहिनीला दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं, मागची बाजूही उलटून बघितली. म्हणाली, "अहो, तीन पत्रं झाली. जे लिहायचं ते सोडून बाकी सगळं लिहिलंत."

बाईमाणसाच्या नजरेतून काही सुटत नाही. पुढच्या रविवारी लिहितो. आज हात चालत नाही.

दादा


१ ऑक्टोबर, रविवार

धाकट्या,

त्या दिवशी बुधवार होता. मोठ्या मिश्रणयंत्राचं खालचं बेअरिंग गेलं होतं आणि तू टाकीखालच्या गिअरच्या कप्प्यात उतरला होतास. मुख्य स्विचवर तुझं लाल कुलूप होतं, ठिणगीनं नऊ वर्षांची असताना पांढऱ्या रंगानं 'काका' असं लिहून दिलेलं. वरच्या टाकीत चार टन साबण होता, कोमट. अजून थोडा वेळ गेला असता तर दगडासारखा बसला असता. व्यवस्थापक दर दोन मिनिटांनी फोन करत होता, अजून किती वेळ, अजून किती वेळ.

मी दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही. मला वाटलं, तू जेवायला गेलास आणि कुलूप काढायचं विसरलास. तू एकदा विसरला होतास, आठवतं? तेवढ्यावर मी ठरवून टाकलं. मी आत वाकून बघितलं असं नंतर सगळ्यांना सांगितलं. बघितलं नव्हतं. कटर घेतला, कुलपाची कडी कापली आणि स्विच वर केला.

आतून कडाड आवाज झाला तसा मी स्विच खाली ओढला. तो तुझा पाना होता. तू ग्रीसचा डबा आणायला बाहेर गेला होतास, दोन मिनिटांसाठी. दोन मिनिटं, धाकट्या. तू धावत आलास, स्विचकडे बघितलंस, मग माझ्याकडे. म्हणालास, "दादा, कुलूप?"

कुलूप माझ्या खिशात होतं.

चौकशीत त्यांनी मला विचारलं, स्विचवर कुलूप होतं का? मी म्हणालो, "नव्हतं." तू माझ्या समोरच्या खुर्चीवर बसला होतास. तू माझ्याकडे बघत थांबलास, मी शब्द मागे घेईन म्हणून. मी टेबलाकडे बघत राहिलो. मग तुला ठपक्याचं पत्र मिळालं, कुलूप न लावता यंत्रात उतरल्याबद्दल. ज्या माणसानं अख्ख्या कारखान्याला कुलूप लावायला शिकवलं, त्याला! महिन्याभरानं तू नोकरी सोडलीस आणि मी घरी सांगितलं, तो तापट आहे, त्याचं कुणाशी पटत नाही.

का खोटं बोललो? मला मुख्य इलेक्ट्रिशियनचा बिल्ला मिळायचा होता, हे एक. पण ते खरं कारण नाही. लहानपणापासून मी मोठा आणि तू माझ्या मागे. तुझ्यासमोर मी चुकलो हे माझ्या तोंडून निघेना. मोठेपण टिकवायला गेलो आणि भाऊ घालवून बसलो.

माझं चुकलं. दोनच शब्द आहेत आणि मला सहा वर्षं लागली.

ते कुलूप माझ्याकडे आहे. हत्यारपेटीच्या तळाशी, पुसण्याच्या चिंधीत गुंडाळलेलं. कडी कापलेली आहे, पण कुलूप अजून बंदच आहे, चावी तुझ्याकडे राहिली.

उद्या सकाळी मी कारखान्यात हे सगळं लेखी देणार आहे. त्यासाठी तुझ्या सहीची वाट बघणार नाही, ते माझं मी करायचं आहे. सही फक्त कॉलेजसाठी. सोबत ते अर्धं पान जोडलं आहे. सही केलीस तर मला सुरक्षेच्या मुलाखतीला उभं राहता येईल. नाही केलीस तर मी ड्राइव्ह घेईन आणि पंखे सुलट करत बसेन. ते वाईट नाही. तुला सही करावीशी वाटली नाही तर ते मला पूर्ण मान्य आहे.

दादा


८ ऑक्टोबर, रविवार

धाकट्या,

अरे, मला काय झालंय कळत नाही, मी शीळ घालतोय! न्हाणीघरात, जिन्यात, बसच्या रांगेत. तुझी वहिनी म्हणते, शिक्षा झालेला माणूस असा हसतो का?

हो, शिक्षा झाली. सोमवारी लेखी दिलं. नवी व्यवस्थापक बाई आहे, तिनं वाचलं, पुन्हा वाचलं, म्हणाली, "तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय लिहून देताय?" म्हटलं, सहा वर्षं दुसरं काही कळत नव्हतं. बिल्ला काढून घेतला. वर्षभर मी साधा इलेक्ट्रिशियन आणि माझ्या हाताखालचे माझे साहेब. त्यांतल्या एकानं काल मला पाना आणायला पाठवलं आणि मग स्वतःच इतका लाजला की माझ्यासोबत पाना आणायला आला.

आणि सूचनाफलकावर कागद लागला आहे. तुझा ठपका रद्द. खाली स्पष्ट लिहिलंय की त्या दिवशी स्विचवर कुलूप लावलेलं होतं आणि ते कापण्यात आलं होतं. जुनी माणसं फलकासमोर उभी राहून वाचत होती. पॅकिंगमधला तो बुटका बोलभांड आठवतो? तो वाचून माझ्याकडे आला, मला वाटलं आता चार शब्द ऐकवणार. ऐकवलेच. चांगले चाळीस ऐकवले. मग माझा हात धरून म्हणाला, "त्याला सांग, आम्ही अजून ओरडतो." खरंय, धाकट्या. मिश्रणखात्यात अजूनही रोज तुझं "मी बाहेर" चालतं.

ठिणगीनं माझं मागचं पत्र पाकिटात जायच्या आधी वाचलं होतं. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. गणित नाही, काही नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, काकावर तिचा जीव. गुरुवारी मी कॅन्टीनमध्ये माझ्या नेहमीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा बसलो होतो. ती आली, मागे तिच्या पाच मैत्रिणी. सगळ्या कॉलेजादेखत तिनं तिचं ताट माझ्या टेबलावर आपटलं आणि म्हणाली, "बाबा, सरका."

मी सरकलो. एवढं सरकलो की बाकावरून पडलो.

अर्ज मी उद्या देतोय, पहिली पसंती यंत्रसुरक्षा, दुसरी ड्राइव्ह. अर्ध्या पानाखाली सहीची जागा रिकामी आहे. कुलूपबाई म्हणाल्या, मुलाखतीपर्यंत थांबू. तुझ्यावर कसलंही ओझं नाही, हे मी मनापासून लिहितोय. म्हणजे नव्वद टक्के मनापासून.

दादा


२२ ऑक्टोबर, रविवार

धाकट्या,

तू काल सकाळच्या गाडीनं गेलास आणि मी लगेच पत्र लिहायला बसलोय, तर तू म्हणशील, आत्ता तर तीन दिवस डोकं खाल्लंस! पण एक काम राहून गेलं, ते शेवटी लिहितो. आधी मला सगळं पुन्हा एकदा सांगू दे, सांगितल्याशिवाय माझं पोट भरणार नाही.

बुधवारी मी मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. आजूबाजूला तीस पोरं, कुणी नखं खातंय, कुणी पाठ करतंय. माझ्या मांडीवर ते अर्धं पान, सहीची जागा कोरी.  मी मनातल्या मनात ड्राइव्हच्या सरांना काय सांगायचं ते जुळवत होतो. शेजारी कुणीतरी येऊन बसलं. मी बघितलंही नाही, वाटलं कुणाचा तरी बाप असेल.

"दादा, पेन आहे का?"

सहा वर्षांनी पहिला शब्द, आणि काय, तर पेन आहे का! आणि मी तरी काय माणूस, लेखी अर्ज घेऊन मुलाखतीला आलेला, खिशात टेस्टर, पक्कड, चिकटपट्टी, पण पेन नाही. ठिणगीनं आणून दिलं. तेव्हा कळलं की तिला माहीत होतं, तुझ्या वहिनीला माहीत होतं, तू कुठल्या गाडीनं येतोस तेही ठरलेलं होतं. गच्चीतला तो सगळा कारभार! अख्ख्या घरात मी एकटाच अडाणी.

तू पान वाचलंस.  तू म्हणालास, "एक चूक आहे." मी पानावर वाकलो. "ग्रीसचा डबा नव्हता. तेलाची बुधली होती." मग ती ओळ खोडलीस, बुधली लिहिलंस आणि खाली सही केलीस. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं, पोरं बघत होती.

कुलूपबाईंनी दोघांनाही आत बोलावलं. त्यांनी पान वाचलं, एकदाच, पण फार सावकाश. मी चिंधी सोडून कुलूप टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचललं, कापलेली कडी बघितली, 'काका' वाचलं. म्हणाल्या, "कडी कापलीत तर कुलूप अजून बंद का?"

मी म्हटलं, "चावी माझ्याकडे नाही. आणि ज्याचं त्यानं काढायचं असतं."

तू खिशातून चाव्यांचा जुडगा काढलास. घराची, वीजघराची, पेटीची, आणि त्यांत ती छोटी पितळी चावी. सहा वर्षं तू ती काढून टाकली नव्हतीस. मला वाटत होतं तू ती धरणात फेकली असशील, मी असतो तर फेकली असती. तू कुलूप हातात घेतलंस, चावी फिरवलीस. गंजलं होतं, दोनदा अडलं, तिसऱ्यांदा उघडलं. कापलेली कडी टेबलावर पडली. आणि तू, त्या एवढ्याशा खोलीत, मिश्रणखात्यातला सगळा आवाज लावून ओरडलास,

"मी बाहेर!"

बाई दचकल्या. खिडकीची तावदानं थरथरली. आणि दाराबाहेरून तीस पोरांनी, बाईंनीच शिकवलेल्या त्या पोरांनी, एका दमात उत्तर दिलं, "बाहेर!" काय गलका झाला! शिपाईही "बाहेर!" म्हणत धावत दारात आला. कुलूपबाई खुर्चीत मागे रेलून हसत होत्या, डोळे पुसत होत्या. मी नुसता चिंधीची घडी घालत उभा होतो.

पुढचं तुला ठाऊक आहे. शुक्रवारी यादी लागली आणि बारा जणांत मी आहे. बाईंनी माझ्या पानावर शेरा मारलाय, मजकूर स्वीकारला, अक्षर सुधारा. प्रत्येकाला एक नवं लाल कुलूप आणि एकच चावी मिळाली. ठिणगीनं पांढरा रंग काढून माझ्या कुलपावर 'बाबा' लिहिलं. अक्षर नऊ वर्षांची असताना होतं तस्संच आहे, इंजिनीअर होत आली तरी. तुझं उघडलेलं कुलूप बाईंनी मागून घेतलंय, ते फळीच्या मधोमध टांगलंय. कुणी विचारलं की त्या माझ्याकडे बोट दाखवतात आणि मला पहिल्यापासून सांगावं लागतं, मी बघितलं नव्हतं तेही. चार वेळा सांगून झालं. दर वेळी जरा सोपं जातं.

ड्राइव्हचे सर रुसलेत. त्यांचा पंखा परत उलटा फिरतोय, उद्या जाऊन बघतो.

आता राहिलेलं काम. त्या दिवशी तू ओरडलास तेव्हा सगळ्यांनी उत्तर दिलं, दारातल्या शिपायानंसुद्धा. ज्यानं द्यायला हवं होतं तो तेवढा गप्प राहिला. नंतर तीन दिवस आपण इतकं बोललो, जेवताना बोललो, चालताना बोललो, तुला गाडीत बसवतानाही मी पिशवी आणि पाण्याच्या बाटलीबद्दलच बोललो. ते राहूनच गेलं. आणि आपला नियम तूच घालून दिलाय, उत्तर आल्याशिवाय काही चालू करायचं नाही.

तर हे घे, आत्ता लिहितोय, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणतोय. तुझी वहिनी आतून विचारतेय की काय झालं.

धाकट्या, बाहेर!

तुझा दादा